बुडापेस्टला पहिल्यांदा जाताय? नदी धरून आखणी करा

मध्य युरोपला जाणारी आपली बहुतेक मंडळी प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी तीन शहरं एका दमात करतात. त्यात बुडापेस्टच्या वाट्याला शेवटचा दीड दिवस येतो. बसमधून उतरायचं, बुरुजावर फोटो काढायचे, रात्री बोटीत बसायचं आणि सकाळी विमानतळ गाठायचा. मला हे फार चुकीचं वाटतं. या तीन शहरांत सावकाश बघायचं शहर कोणतं, असं विचारलंत तर मी बुडापेस्टचं नाव घेईन, कारण इथे नुसत्या इमारती बघायच्या नसतात. एका काठावर बसून समोरचा काठ बघायचा असतो, आणि त्याला उजेड, वेळ आणि थोडी उसंत लागते. किमान चार रात्री ठेवा. पाच असतील तर उत्तम.

कागदपत्रांपासून परतीच्या दिवसापर्यंत, ज्या क्रमाने ही कामं करावी लागतात त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे.

१. महिना ठरवा

एप्रिल-मे आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हे सगळ्यात सोयीचे दिवस. हवा चालण्याजोगी असते, झाडं पाहण्यासारखी असतात आणि संध्याकाळी एक जाकीट पुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चांगलंच तापतं आणि गर्दीही असते. त्यातही २० ऑगस्ट हा हंगेरीचा राष्ट्रीय दिवस. त्या रात्री नदीवर आतषबाजी होते, दोन्ही काठ माणसांनी फुलून जातात. ती बघायची हौस असेल तर हॉटेल खूप आधी घ्या, नसेल तर तो आठवडा टाळा.

डिसेंबरमध्ये नाताळचे बाजार भरतात आणि थंडी शून्याच्या आसपास असते. नाताळ बघायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: २४ डिसेंबरच्या दुपारपासून दुकानं, उपाहारगृहं बंद व्हायला लागतात आणि संध्याकाळी ट्राम-बसही अगदी तुरळक होतात. त्या रात्रीच्या जेवणाची सोय आधीच करून ठेवा. शिवाय हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे बघायला दिवस छोटा मिळतो.

२. व्हिसा: अर्ज कोणत्या देशाकडे, हे आधी ठरवा

हंगेरी शेंगेन गटात आहे. एकाच व्हिसावर ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया वगैरे सगळं होतं. पण अर्ज कोणाकडे करायचा याचा नियम आहे आणि नवख्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार, त्याच्याकडे. म्हणजे प्रागला तीन, व्हिएन्नाला दोन आणि बुडापेस्टला चार रात्री असतील तर अर्ज हंगेरीकडे, मग विमान प्रागला उतरत असलं तरी. अपॉइंटमेंट कुठे लवकर मिळते ते बघून देश बदलू नका. हॉटेलची बुकिंगं आणि अर्ज यांचा मेळ बसला नाही तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवस हे कागदावरचं किमान आहे. उन्हाळी सुट्टीत जाणार असाल तर दोन-अडीच महिने आधीच कामाला लागा. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत आणि शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असला पाहिजे. प्रवास विमा ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा घ्यायचा. बाकी बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, रजा मंजुरीचं पत्र, तिकिटांची आणि हॉटेलांची बुकिंगं हे नेहमीचंच. बँकेत अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम जमा करू नका. कोणाकडून आली असेल तर त्याचं एक पत्र जोडा.

अर्जासोबत दिवसवार कार्यक्रमाचं एक पान माझ्या मते जरूर जोडावं. कोणत्या तारखेला कोणत्या शहरात, कोणत्या हॉटेलात, पुढच्या शहरात कशाने जाणार, इतकंच, साध्या तक्त्यात. अर्ज तपासणाऱ्याचं काम सोपं झालं की आपलंही होतं.

शेंगेनचा व्हिसा तुम्ही आधी वापरला असेल तर एक चांगली बातमी आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडे सैल झाले आहेत. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरलेले असतील तर दोन वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा मिळू शकतो. जुन्या व्हिशांच्या प्रती जोडायला विसरू नका.

३. विमान आणि शहरात पोचणं

आपल्याकडून जाताना दोहा, दुबई, इस्तंबूल असा कुठेतरी थांबा घेऊन जाणं सोयीचं पडतं. व्हिएन्नाला उतरून आगगाडीने येणं हाही उत्तम मार्ग. व्हिएन्नाहून बुडापेस्टच्या केलेती स्थानकापर्यंत साधारण पावणेतीन तास लागतात, गाड्या दिवसभर असतात आणि तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त मिळतं. दोन्ही शहरं करणाऱ्यांनी एका शहरात उतरून दुसऱ्यातून परत निघावं. उलटा प्रवास वाचतो.

बुडापेस्टच्या विमानतळाला संगीतकार फेरेंत्स लिस्त याचं नाव आहे. तिथून शहरात यायला १००-ई ही बस सगळ्यांत सरळ. ती थेट शहराच्या मध्यावरच्या देआक फेरेंत्स चौकात आणून सोडते. तिचं तिकीट मात्र वेगळं असतं. शहराचा एक किंवा तीन दिवसांचा पास तिच्यात चालत नाही. बसमध्येच यंत्रावर कार्ड टेकवून पैसे भरता येतात. पैसे वाचवायचे असतील तर २००-ई बस साध्या तिकिटावर चालते, पण ती मेट्रोच्या एका टोकाच्या स्थानकावर सोडते आणि तिथून मेट्रो पकडावी लागते. बॅगा जड असतील तर १००-ईच बरी. टॅक्सी घ्यायची तर विमानतळाबाहेरच्या अधिकृत खिडकीवरून किंवा ॲपवरून घ्या. आतल्या दालनात स्वतःहून जवळ येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ विचारणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

४. शहराची ओळख: डोंगर तो बुडा, सपाट ते पेश्त

पेस्ट असं आपण लिहितो, पण तिथे ‘पेश्त’ म्हणतात. ‘एस’ला श आणि ‘एस-झेड’ला स, एवढं लक्षात ठेवलं की ट्राममधली थांब्यांची नावं कानाला कळायला लागतात.

डॅन्यूब इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला बुडा, म्हणजे टेकड्या, किल्ला, शांत वस्ती. पूर्वेला पेश्त, म्हणजे सपाट जमीन, संसद, बाजार, उपाहारगृहं, सगळी वर्दळ. १८७३ साली बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन वेगळी गावं एक होऊन आजचं शहर झालं. तोवर नदीवर पहिला कायमचा पूल होऊन चोवीस वर्षं झाली होती. तो म्हणजे १८४९चा साखळी पूल, ज्याच्यामागे इश्तवान सेचेन्यी या उमरावाची धडपड होती. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले पूल उडवून दिले. आज दिसतो तो साखळी पूल १९४९ साली, बरोबर शंभर वर्षांनी पुन्हा उभा केलेला. हिरवा लोखंडी स्वातंत्र्य पूल जुन्या रूपात परत बांधला. पांढरा एलिझाबेथ पूल मात्र जुन्यासारखा बांधलाच नाही. १९६४ साली तो संपूर्ण नव्या घडणीचा आला, आणि म्हणूनच तो शेजारच्या पुलांपेक्षा इतका वेगळा दिसतो.

चुकलात तर एवढंच विचारा, मी नदीच्या कुठल्या बाजूला आहे? डोंगर दिसतोय का? बाकी सगळं त्यावरून लागतं.

आता या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सूर्य पेश्तच्या मागून उगवतो आणि बुडाच्या टेकड्यांमागे मावळतो. म्हणजे सकाळी कोवळं ऊन बुडाच्या किल्ल्यावर पडतं, तेव्हा पेश्तच्या काठावर उभं राहून बुडा बघायचं. दुपारनंतर ऊन संसदेच्या नदीकडच्या अंगावर येतं, तेव्हा बुडाच्या काठावर जाऊन पेश्त बघायचं. बहुतेक सहलींत हे नेमकं उलटं होतं. सकाळी दहाला बुरुजावर नेतात, समोरून डोळ्यांत ऊन येतं आणि संसद धुरकट काळी दिसते. वेळापत्रक करताना हे एक सूत्र पाळलंत तरी तुमची सहल इतरांपेक्षा वेगळी होईल.

५. राहायचं कुठे

शहराचे २३ विभाग आहेत. पत्त्यातला पिनकोड चार आकडी असतो आणि मधले दोन आकडे विभाग सांगतात. १०५१ म्हणजे पाचवा विभाग, १०७५ म्हणजे सातवा. हॉटेल शोधताना हे फार उपयोगी पडतं, कारण जाहिरातीत सगळीच हॉटेलं ‘मध्यवर्ती’ असतात.

पाचवा विभाग नदीलगतचा, मध्यवर्ती आणि महाग. सहावा, म्हणजे अंद्राशी रस्त्याच्या आसपासचा भाग, माझ्या पसंतीचा. मेट्रो दाराशी, रस्ते रुंद आणि भाडं झेपेल असं. सातव्या विभागात जुनी यहुदी वस्ती आणि पडक्या वाड्यांमधले प्रसिद्ध बार आहेत. तरुण मंडळींना आवडेल, पण लहान मुलं किंवा आई-वडील सोबत असतील तर तिथली रात्र झोपू देणार नाही. ज्येष्ठांसाठी बुडाकडचा पहिला विभाग, बॉत्यानी चौकाच्या आसपास, शांत आहे, मेट्रो जवळ आहे आणि खिडकीसमोर संसद असण्याचा संभव आहे. फक्त हॉटेल टेकडीवर नाही ना, आणि इमारतीला लिफ्ट आहे ना, हे विचारून घ्या. जुन्या इमारतींचे मजले उंच असतात.

६. पैसे

हंगेरीचं चलन फोरिंट. युरो काही ठिकाणी घेतात, पण दर आपल्या तोट्याचा लावतात. मोठे आकडे बघून गडबडू नका. हजार फोरिंट म्हणजे साधारण अडीचशे रुपये धरून चाला.

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. यंत्र ‘रुपयांत की फोरिंटमध्ये’ असं विचारेल, तेव्हा नेहमी फोरिंट निवडा. रुपये निवडलेत की रूपांतराचा दर समोरचा ठरवतो. रोख काढायची तर बँकेच्या दारातल्या एटीएममधून काढा. पर्यटकांच्या रस्त्यांवर, किराणा दुकानांच्या भिंतींना लावलेली रंगीत यंत्रं टाळा. विमानतळावर पैसे बदलू नका. थोडी नाणी मात्र खिशात असू द्या, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहांना पैसे पडतात.

उपाहारगृहाच्या बिलात सेवाशुल्क बहुतेक वेळा आधीच लावलेलं असतं, ‘सेर्विझ’ असा शब्द शोधा. ते असेल तर वेगळी बक्षिसी द्यायची गरज नाही. आणखी एक बारकावा: वेटरला नोट देताना लगेच ‘कोसोनोम’, म्हणजे धन्यवाद, म्हणू नका. ‘उरलेले पैसे ठेवा’ असा त्याचा अर्थ घेतला जातो. सुटे परत आले की मग म्हणा.

७. फिरणं: ट्राम, मेट्रो आणि तिकीट टोचणं

पोचल्यावर बीकेकेच्या, म्हणजे शहराच्या वाहतूक संस्थेच्या, यंत्रावर किंवा ‘बुडापेस्ट-गो’ ॲपवर ७२ तासांचा पास घ्या. पास सुरू झाल्यापासूनचे तास मोजतात, तारखा नाही. पासऐवजी सुटं तिकीट घेतलंत तर ते चढताना किंवा मेट्रोच्या फाटकापाशी यंत्रात घालून टोचून घ्यावं लागतं. ॲपवरच्या तिकिटाला गाडीच्या दारावरचा क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. तिकीट खिशात आहे पण टोचलेलं नाही, हे तपासनीसाच्या लेखी विनातिकीटच. सरकते जिने उतरताना खाली दंडावर पट्टी बांधलेली माणसं उभी असतात, ती हीच.

ज्येष्ठांसाठी खास: ६५ वर्षांवरच्यांना इथे प्रवास मोफत, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ती सवलत युरोपीय नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर तिकीट काढायचंच.

मेट्रोच्या चार मार्गिका आहेत आणि पहिल्या तीन देआक चौकात भेटतात. त्यांतली पिवळी एम-१ ही स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. १८९६ साली, हंगेरी स्थापनेच्या हजाराव्या वर्षाच्या उत्सवात ती सुरू झाली. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही पहिली विजेची भुयारी रेल्वे. रस्त्याच्या अगदी पोटाशी आहे, वीसेक पायऱ्या उतरलं की फलाट. पांढऱ्या फरश्या, लाकडी चौकटी, बुटके पिवळे डबे, दोन-तीन मिनिटांनी एक गाडी. पण खाली उतरण्याआधी पाटी वाचा. बऱ्याच स्थानकांत दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत आणि चुकीच्या बाजूने उतरलात तर पुन्हा वर येऊन रस्ता ओलांडावा लागतो.

ट्राममध्ये २ नंबर लक्षात ठेवा. पेश्तच्या काठाने, नदीला लागून ती जाते. संसद, साखळी पूल, एलिझाबेथ पूल, स्वातंत्र्य पूल असं सगळं खिडकीतून एका तिकिटात. बुडाच्या काठाने १९ आणि ४१ जातात. मोठ्या रिंग रस्त्यावर ४ आणि ६, त्यातली ६ रात्रभर चालते.

सप्टेंबर २०२४ मध्ये डॅन्यूबला मोठा पूर आला तेव्हा काठावरचे खालचे रस्ते पाण्याखाली गेले आणि संसदेजवळची २ नंबरची ट्राम काही दिवस थांबवावी लागली. मध्य युरोपात मुसळधार पावसाच्या बातम्या असतील तर निघण्यापूर्वी बीकेकेच्या सूचना बघून घ्या.

८. चार दिवसांचा आराखडा

पोचल्याचा दिवस हलका ठेवा. उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असलेलं हे शहर. म्हणजे संध्याकाळी सातलाच झोप येऊ लागते. दोन नंबरच्या ट्रामने एक फेरी मारा, साखळी पुलावरून चालत पलीकडे जा आणि चालतच परत या. आतली कुठलीच इमारत त्या दिवशी बघू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी संसद. तिकीट घरूनच, आठवडे आधी, ऑनलाइन काढा. ऐन वेळी मिळणं कठीण. युरोपीय नागरिकांना दर कमी आहे, आपल्याला पूर्ण भरावा लागतो. इंग्रजी फेरी साधारण पाऊण तासाची असते. इम्रे श्टाइन्दल या वास्तुकाराने रचलेली ही इमारत. तिच्या घुमटाची उंची ९६ मीटर, जवळच्या संत इश्तवान बॅसिलिकेचीही ९६. मॅग्यार, म्हणजे हंगेरियन, लोक या प्रदेशात आले ते वर्ष ८९६ मानतात, त्याची ही आठवण. घुमटाखाली हंगेरीचा जुना मुकुट पहाऱ्यात ठेवलेला आहे. त्याच्यावरचा क्रॉस वाकडा आहे, तो तसाच जपलाय. त्या दालनात फोटो काढायला मनाई आहे. मला सगळ्यांत आवडते ती सभागृहाबाहेरच्या मार्गिकेतली वस्तू: खिडक्यांपाशी बसवलेल्या, क्रमांक कोरलेल्या पितळी सिगार-पट्ट्या. खासदार आत जाताना पेटती सिगार आपल्या क्रमांकाच्या खाचेत ठेवून जायचे. एखादं भाषण इतकं रंगायचं की सिगार तिथेच जळून जायची, असं वाटाडे सांगतात.

संसदेतून बाहेर पडल्यावर नदीकडे उतरा आणि काठाने दक्षिणेकडे चाला. पाच मिनिटांत दगडी धक्क्यावर लोखंडी पादत्राणं दिसतील. साठ जोड, पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे. १९४४-४५च्या हिवाळ्यात हंगेरीच्या ॲरो क्रॉस या फॅसिस्ट टोळ्यांनी यहुद्यांना इथे नदीकाठी उभं करून गोळ्या घातल्या. मारण्याआधी चपला-बूट काढायला लावत, कारण त्यांनाही किंमत होती. दिग्दर्शक जान तोगॉई आणि शिल्पकार ज्युला पॉउएर यांनी २००५ साली हे स्मारक केलं. इथे सेल्फी काढू नका, त्या बुटांत पाय घालून फोटो काढणाऱ्यांना अडवा. मुलांना आधी समजावून सांगा की हे काय आहे.

दुपारनंतर बुडाला जा, ऊन तुमच्या पाठीशी असेल. किल्ल्यावर चढायला १८७० सालची केबल-रेल्वे आहे. तिचं तिकीट वेगळं आणि रांग मोठी. देआक चौकातून सुटणारी १६ नंबरची बस तुमच्या पासवर थेट वर नेते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वार्केर्त बॉझारपासून वर जाणारे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. वर मात्याश चर्च, त्याच्या छतावरची रंगीत कौलं आणि शेजारी मच्छीमारांचा बुरूज. बुरूज मध्ययुगीन वाटतो, पण तो फ्रिज्येश शुलेक याने १९०२ साली पूर्ण केलेला. खालचे सज्जे मोफत आहेत, वरच्या भागाला तिकीट लागतं. माझं मत विचाराल तर खालून दिसणारं दृश्य पुरेसं आहे. सूर्य कलला की टेकडी उतरून बॉत्यानी चौकात या. संसद समोरासमोर दिसते ती इथून. दिवे लागेपर्यंत थांबा.

याच चौकाच्या दक्षिणेला, ट्रामच्या एका थांब्यावर, सिलाज्यी देझो चौक आहे. चित्रकार अमृता शेरगिल इथल्याच एका घरात ३० जानेवारी १९१३ला जन्मली. तिची आई हंगेरियन गायिका होती आणि तिच्या बालपणाची पहिली वर्षं याच देशात गेली. बहुतेक भारतीय या चौकातून ट्रामने जातात आणि त्यांना हे ठाऊक नसतं. पाच मिनिटं उतरा.

तिसरा दिवस अंद्राशी रस्त्याचा. देआक चौकापासून चालत निघा: १८८४चं ऑपेरागृह, मग ६० क्रमांकाची इमारत. तिथे आधी फॅसिस्ट टोळीचं आणि नंतर साम्यवादी गुप्त पोलिसांचं ठाणं होतं, आता ‘दहशतीचं घर’ हे संग्रहालय आहे. ते बघून मन जड होतं, म्हणून मुलांना नेण्याचा विचार करूनच न्या. रस्त्याच्या टोकाला वीर चौक आणि त्यामागे शहर-बाग. परतताना एम-१ घ्या.

चौथ्या दिवशी दोहान्य रस्त्यावरचं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, युरोपातलं सर्वांत मोठं, १८५९चं. शनिवारी बंद असतं. मग स्वातंत्र्य पुलाजवळचा १८९७चा मोठा बाजार. पाचवा दिवस असेल तर बॉत्यानी चौकातून एच-५ लोकल घेऊन सेंतेंद्रेला जा. चाळीसेक मिनिटांवरचं, नदीकाठचं, चित्रकारांचं छोटं गाव. शहराची हद्द संपल्यावर जास्तीचं तिकीट लागतं. ते खिडकीवर मागून घ्या.

९. गरम पाण्याचे हौद

शहराखाली गरम झरे आहेत आणि १५४१ ते १६८६ या तुर्कांच्या राजवटीत इथे हमामखाने बांधले गेले. त्यांतला रुदाश अजून चालू आहे: अष्टकोनी हौद, वर घुमट, घुमटात रंगीत काचांच्या छोट्या खिडक्या, आणि ऊन वर आलं की त्या रंगांच्या तिरप्या रेषा वाफेतून पाण्यावर उतरतात. त्याच्या गच्चीवर नदीकडे तोंड करून गरम पाण्याचा हौद आहे. तुर्की भागात काही दिवस फक्त पुरुष, काही दिवस फक्त स्त्रिया अशी वाटणी असते, तेव्हा वार बघूनच जा. सेचेन्यी हे स्नानगृह १९१३चं, पिवळ्या राजवाड्यासारखं, बाहेरच्या मोठ्या हौदांचं. तिथे पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा दिसतात. गेलेर्त हे सुंदर स्नानगृह २०२५च्या ऑक्टोबरपासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे. जुने लेख वाचून तिथे जाऊ नका.

पोहण्याचाच पोशाख लागतो. आपल्या बायकांनी बाही-पायाचा पूर्ण पोहण्याचा पोशाख नेला तर संकोच राहत नाही. रबरी चपला आणि टॉवेल घरून न्या, तिथे भाड्याने महाग पडतात. सरळ पोहायच्या हौदात टोपी सक्तीची. आत जाताना मनगटाला पट्टी देतात, त्यानेच कपाट उघडतं आणि बंद होतं. सर्वांत गरम हौदात पंधरा-वीस मिनिटांहून जास्त बसू नका, रक्तदाब असेल तर त्याहून कमी. लहान मुलांना वयाची अट असते, तिकीट काढण्याआधी ती तपासा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर पाणीही निवांत मिळतं.

१०. शाकाहारींचं जेवण

हंगेरियन जेवण मांसप्रधान आहे, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. लांगोश म्हणजे तळलेली मऊ, मोठी, पुरीसारखी चकती. वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. एकात पोट भरतं. रांतोत शॉयत म्हणजे तळलेलं चीज. गोंबॉपॉप्रिकाश म्हणजे मश्रूमची लालसर रस्साभाजी. फोझेलेक म्हणजे वाटाणा, भोपळा, पालक अशा एकेका भाजीची घट्ट पातळभाजी, ही दुपारच्या साध्या खानावळींत स्वस्तात मिळते. बहुतेक ठिकाणी तिच्यावर मांसाचा तुकडा ठेवून देतात, म्हणून ‘हूश नेल्क्युल’, म्हणजे मांसाशिवाय, असं आधी सांगा. कडक शाकाहारी असाल तर तळण्यासाठी चरबी वापरतात का, हेही विचारा. उन्हाळ्यात आंबट चेरीचं गार सूप चुकवू नका. रस्त्यावर निखाऱ्यावर भाजलेला कुर्तोश-कालाच हा साखरेचा पोकळ रोल गरम असतानाच खा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या.

मोठ्या बाजारातून पापरिका आणताना पाकिटावरचा शब्द वाचा: ‘एदेश’ म्हणजे गोडसर, ‘चिपोश’ म्हणजे तिखट. आपल्या लाल तिखटाच्या सवयीला एदेश अगदीच सौम्य लागते, पण रंग आणि वास सुरेख. सीलबंद पाकीटच घ्या.

११. परतीचा दिवस

शेंगेनच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी यंत्रणा सुरू झाली आहे. पहिल्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे येताना आणि जातानाही रांगेला वेळ लागू शकतो. परतीच्या विमानासाठी निदान तीन तास आधी विमानतळावर हजर राहा. १००-ई बस देआक चौकातून सुटते, पण सकाळच्या गर्दीत बॅगांसह पहिल्या बसमध्ये जागा मिळेलच असं नाही, म्हणून एक बस जास्तीची धरा. उरलेली फोरिंटची नाणी इकडे कोणी बदलून देत नाही. ती शेवटच्या कॉफीत किंवा ट्रामच्या तिकिटात संपवा, आणि नोटा उरल्या तर हॉटेलचं शेवटचं बिल त्यातून भरता येईल का ते विचारा.